तडाख्यापासून शुश्रूषेपर्यंत : पक्षाघाताचा इतिहास आणि आपली कुटुंबे

कळवण, अभोणा, कनाशी या पट्ट्यात एखाद्याचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा बसली की लोक म्हणतात, 'अंगावरून वारे गेले.' बाजारपेठेत त्यालाच 'लकवा' म्हणतात. ग्रंथांत 'पक्षाघात' आणि 'अर्धांगवायू' हे शब्द सापडतात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'स्ट्रोक' लिहिलेले असते. नावे अनेक असली तरी दुखणे एकच आहे. परंतु प्रत्येक नावामागे त्या दुखण्याविषयीची एक समजूत दडलेली आहे आणि रुग्णाला प्रथम कोणाच्या दारी न्यायचे हे बहुधा ती समजूतच ठरवते. म्हणून या दुखण्याचा इतिहास आपल्या कुटुंबांना ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते. हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. पक्षाघाताच्या पहिल्या चार-साडेचार तासांत घरातील माणसे काय समजून वागतात, यावर रुग्णाचे उरलेले आयुष्य अवलंबून असते.

वारे आणि तडाखा

'वारे' हा शब्द आपल्या लोकांनी कोठून घेतला? तो फार जुन्या परंपरेतून आला आहे. सुश्रुताच्या निदानस्थानात वातव्याधींचे वर्णन आहे आणि त्यात पक्षाघाताचा समावेश आहे. चरकाच्या चिकित्सास्थानातही वातव्याधींच्या अध्यायात अर्धे अंग निकामी होण्याचे आणि तोंड वाकडे होण्याचे वर्णन आढळते. शरीरातील वायू बिघडला म्हणजे हालचाल बिघडते, असा तो विचार होता. वैद्यांनी शरीराच्या आतील वायू मानला होता. लोकांच्या बोलण्यात मात्र तो हळूहळू बाहेरून येणारा वारा झाला, आणि बाहेरून आलेल्या गोष्टीला बाहेरचाच उपाय हवा, अशी समजूत रूढ झाली. मग भगताकडे जाणे आले, उतारा आला, कुठे तेलाचे तर कुठे कबुतराच्या रक्ताचे मालीश आले.

पाश्चात्त्य देशांतील लोक आपल्यापेक्षा अधिक शहाणे होते असे मुळीच नाही. ग्रीक लोकांनी या दुखण्याला जे नाव दिले त्याचा अर्थ 'तडाख्याने खाली पाडणे' असा होतो. इंग्रजी 'स्ट्रोक' या शब्दाचा अर्थही तडाखाच. देवाच्या हाताचा तडाखा, अशी त्यामागची कल्पना होती. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या नावावरील सूत्रांत असे सांगितले आहे की जोराचा झटका बरा करणे अशक्य आणि सौम्य झटका बरा करणेही सोपे नाही. या निराशेची छाया पुढे दोन हजार वर्षे वैद्यकावर राहिली. तात्पर्य, आपण त्याला वारे म्हटले आणि त्यांनी तडाखा म्हटले. दोघांचीही नजर शरीराबाहेर होती.

पवित्र शास्त्रातील दाखले

जुन्या करारातील मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात, नवव्या अध्यायात, अल्किमस या प्रमुख याजकाची हकिकत आहे. मंदिराच्या आतील अंगणाची भिंत पाडण्याचे काम त्याने सुरू केले आणि त्याच वेळी त्याच्यावर आघात झाला. त्याचे तोंड बंद झाले, अंग लुळे पडले, घरच्यांना शेवटच्या दोन गोष्टी सांगणेही त्याला जमले नाही आणि मोठ्या यातनांत तो मरण पावला. वाचा जाणे, अंग लुळे पडणे आणि हे सारे एकाएकी होणे, ही तिन्ही लक्षणे त्या वर्णनात आहेत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील हे वर्णन पक्षाघाताचे असावे, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. एकशे सदतिसाव्या स्तोत्रातील शपथेत उजव्या हाताने आपले कसब विसरणे आणि जीभ टाळूला चिकटणे या दोन आपत्ती शेजारी शेजारी येतात. उजवा हात आणि वाचा एकाच वेळी जाते, हे आजचा कोणताही डॉक्टर ओळखील.

अल्किमसच्या गोष्टीत आघात हा शिक्षेच्या रूपात येतो. म्हणून प्रत्येक पक्षाघात ही शिक्षाच, असा निष्कर्ष काढावा काय? योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय याचे उत्तर देतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. ज्या घरात रुग्ण खाटेवर पडला आहे त्या घरातील सुनेने किंवा मुलाने 'आमच्या हातून काय घडले?' असे विचारले, तर आपण त्यांना हा अध्याय वाचून दाखवावा. आणि कॅथलिक बायबलमध्ये सिराचा जो ग्रंथ आहे त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास आणि औषध धुडकावून न लावण्यास सांगितले आहे, कारण दोन्ही देवानेच निर्माण केली. प्रार्थना आणि औषध यांची तेथे फारकत केलेली नाही.

एकच पोप, दोन निर्णय

अकस्मात मृत्यूची भीती ख्रिस्तसभेने पूर्वीपासून ओळखली होती. संतांच्या जुन्या लितानीत अचानक आणि तयारीविना येणाऱ्या मृत्यूपासून सुटका मागितलेली आहे. तयारीविना येणारे मरण हीच ख्रिस्ती माणसाची खरी धास्ती. या संदर्भात संत अँड्र्यू अव्हेलिनो यांचे नाव घेतले जाते. १५२१ साली दक्षिण इटलीत जन्मलेले हे थिएटाइन संघाचे धर्मगुरू. १० नोव्हेंबर १६०८ रोजी नेपल्स येथे मिस्साबली सुरू करीत असताना, वेदीच्या पायथ्याशी प्रारंभीचे शब्द उच्चारतानाच त्यांना झटका आला. त्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले. तेव्हापासून भाविक लोक झटका आणि अकस्मात मृत्यू यांच्यापासून रक्षणासाठी त्यांची मध्यस्थी मागू लागले.

त्यांना संतपद दिले ते पोप अकरावे क्लेमेंट यांनी, १७१२ साली. याच पोप महोदयांच्या कारकिर्दीत, १७०५-०६ च्या सुमारास, रोम शहरात अकस्मात मृत्यूंचे प्रमाण फार वाढल्यासारखे वाटू लागले. लोक घाबरले. कोणी हवेला दोष दिला, कोणी देवाच्या कोपाला. पोप महोदयांनी आपले वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चिसी यांना मृतांची शवचिकित्सा करून कारणे शोधण्यास सांगितले. लान्चिसी यांनी ते काम केले आणि १७०७ साली अकस्मात मृत्यूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हृदय, रक्तवाहिन्या आणि मेंदू यांतील विकारांनी ही माणसे मरण पावली, शहरावर कोणतीही गूढ आपत्ती आलेली नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

या दोन निर्णयांकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. ज्या पोपनी झटक्याने मरण पावलेल्या धर्मगुरूला वेदीवरील मान दिला, त्याच पोपनी झटक्याचे कारण शोधण्यासाठी शव उघडण्याची आज्ञा केली. त्यांना या दोहोंत विसंगती वाटली नाही. आपणही ती वाटून घेण्याचे कारण नाही.

शव उघडून कारण पाहण्याची वाट त्याआधीच पडलेली होती. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि झटक्याने मेलेल्या माणसांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो, हे शवचिकित्सेच्या आधारे मांडले. मेंदूला जाणारा रक्ताचा प्रवाह अडल्यानेही असे घडू शकेल, हेही त्यांनी सुचवले होते. पुढे हे दोन्ही प्रकार खरे ठरले. काही रुग्णांत मेंदूतील रक्तवाहिनी फुटते. बहुसंख्य रुग्णांत ती गुठळीने बंद होते. वारे बाहेरून येत नव्हते आणि तडाखाही बाहेरून बसत नव्हता. जे घडत होते ते कवटीच्या आत, दोऱ्याएवढ्या नळीत घडत होते.

वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली काय?

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने एका रुग्णाचा मेंदू तपासला. हा माणूस अनेक वर्षे एकाच अक्षरसमूहाखेरीज काही बोलू शकत नव्हता, परंतु इतरांचे बोलणे त्याला पुष्कळसे समजत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात बिघाड आढळला. बोलण्याचे केंद्र आणि समजण्याची शक्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शोधाने जगाला कळू लागले.

आपल्या घरांत या शोधाचे मोल फार आहे. उजवे अंग लुळे पडलेले आजोबा 'पाणी' म्हणायला जातात आणि भलताच शब्द बाहेर पडतो. लोक हसतात किंवा रडतात. मग त्यांच्यासमोरच 'आता यांना काही कळत नाही' असे बोलतात. कित्येकदा त्यांना सारे कळत असते. आपल्याविषयी चाललेले बोलणे ऐकत पडून राहायचे आणि उत्तर देता येऊ नये, याहून मोठा एकांतवास कोणता? अशा रुग्णाशी सावकाश, लहान वाक्यांत बोलावे. हो किंवा नाही अशा खुणेने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरासाठी थांबावे.

दुसरा दाखला लुई पाश्चर यांचा आहे. १९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावे अंग लुळे पडले. पुष्कळांनी त्यांची आशा सोडली होती. तथापि काही दिवसांतच त्यांनी रेशमाच्या किड्यांच्या रोगावरील टिपण अंथरुणातून सांगून लिहवून घेतले, आणि तीन महिन्यांच्या आत ते पुन्हा दक्षिण फ्रान्समध्ये त्याच कामावर रुजू झाले. डाव्या हाताचा आणि पायाचा अधूपणा त्यांच्या सोबत अखेरपर्यंत राहिला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस त्यांनी एका मुलाला प्रथम दिली ती जुलै १८८५ मध्ये, म्हणजे झटक्यानंतर जवळजवळ सतरा वर्षांनी. त्यांच्या पत्नी मारी यांनी लेखनिक म्हणून आणि सहकाऱ्यांनी हात म्हणून त्यांना साथ दिली. पक्षाघातातून वाचलेला माणूस संपलेला नसतो, परंतु त्याला उभे करायला दुसऱ्यांचे हात लागतात, हे पाश्चर यांच्या चरित्रातून दिसते.

मोजता येणारा शत्रू

रक्तवाहिनी का फुटते आणि का तुंबते, याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो डोळ्यांना दिसत नाही आणि दुखतही नाही. १८९६ साली इटलीतील शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळण्याच्या पट्ट्याचे रक्तदाबमापक तयार केले, आणि १९०५ साली रशियातील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकण्याची रीत सांगितली. आज आरोग्य केंद्रात दंडाला जो पट्टा बांधतात त्याचे मूळ हे. मोजता आले, पण उपाय मात्र नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ इतका भरला होता. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या डॉक्टरांजवळ त्यावर परिणामकारक औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते मरण पावले.

उपायाच्या शोधात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, याचा आपणांस अभिमान वाटावा. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. सह्याद्रीच्या रानांतही ती आढळते. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाविषयी लिहिले. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रुग्णांवर पद्धतशीर उपयोग करून १९४९ साली त्याचे निष्कर्ष ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. आता त्याहून सोसण्याजोगी औषधे निघाली असल्यामुळे डॉक्टर सर्पगंधेची गोळी सहसा देत नाहीत, आणि घरी मुळी उगाळून घेणेही धोक्याचे आहे. पण रूझवेल्ट यांना जे मिळाले नाही ते रक्तदाबाचे औषध आज कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात सामान्य शेतमजुरालाही मिळू शकते, ही इतिहासाची केवढी मोठी उलथापालथ!

गडचिरोलीने दाखविलेला आरसा

पक्षाघात हे शहरी, बैठे काम करणाऱ्या सुखवस्तूंचे दुखणे, अशी एक समजूत आहे. डोंगरदऱ्यांत राबणाऱ्या माणसाला कसला रक्तदाब, असे लोक सहज बोलून जातात. या समजुतीला धक्का दिला तो गडचिरोलीतील एका अभ्यासाने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत काम करणारे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे आणि त्यांचे सहकारी यांनी ८६ गावांतील सुमारे ९४ हजार लोकांमध्ये २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. एकूण १,५९९ मृत्यू झाले होते. त्यांपैकी २२९, म्हणजे दर सातांतील एक मृत्यू, पक्षाघाताने झालेला आढळला. ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

त्यातील आणखी दोन आकडे आम्हांस अधिक विचार करण्याजोगे वाटतात. या रुग्णांपैकी शेकडा ८७ जणांचा मृत्यू घरी झाला. आणि झटका आल्यापासून एका महिन्याच्या आत मरण पावलेले शेकडा ४६ होते. याचा अर्थ, निम्म्याहून अधिक माणसे महिन्याहून जास्त काळ जगली आणि मग गेली. ते दिवस त्यांनी कसे काढले असतील? कोणी त्यांना कुशीवर वळवले, कोणी भरवले, कोणाच्या पाठीला जखमा झाल्या, याची नोंद कोणत्याच आकड्यात होत नाही. ती नोंद शेजाऱ्यांच्या आणि धर्मग्रामाच्या मनात व्हावी लागते.

गडचिरोली आणि कळवण यांत अंतर पुष्कळ असले तरी साम्यही आहे. आपलाही तालुका आदिवासीबहुल, वाड्यापाड्यांचा आणि डोंगरांचा आहे. रोजच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा, लोणचे, पापड आणि खारवलेल्या मिरच्या असतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमहून, म्हणजे साधारण एका लहान चमच्याहून, कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तंबाखू, बिडी आणि मशेरी यांची सवय स्त्री-पुरुष दोघांतही आढळते. मधुमेह आता गावातही पोहोचला आहे. मद्याविषयी वेगळे सांगावयास नको. लहानपणी सांधेदुखीच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या तरुण माणसाच्या हृदयातूनही गुठळी मेंदूत जाऊ शकते. म्हणून पक्षाघात हे केवळ म्हाताऱ्यांचे दुखणे नव्हे.

घड्याळाचा इतिहास

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूचे सीटी स्कॅन चित्र घेतले. वेप्फर यांना जे शव उघडून पाहावे लागले ते आता काही मिनिटांत दिसू लागले. रक्तवाहिनी फुटली आहे की तुंबली आहे, हे या चित्राशिवाय खात्रीने सांगता येत नाही. १९९५ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीने सिद्ध केले की तुंबलेल्या वाहिनीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिल्यास अधिक रुग्ण आपल्या पायावर उभे राहतात. २००८ साली ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविता येते असे दिसले. २०१५ साली मोठ्या वाहिनीतील गुठळी तारेने ओढून काढण्याच्या उपचाराचेही यश सिद्ध झाले. उपचार न मिळाल्यास मोठी वाहिनी तुंबलेल्या रुग्णाच्या मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

आता आपला हिशेब मांडू. कळवणहून नाशिक पाऊणशे ते ऐंशी किलोमीटर. कनाशीच्या पुढील पाड्यावरून आधी कळवण गाठायचे. रात्रीची वेळ, घाटरस्ता, गाडीची वाट. रुग्णालयात पोहोचल्यावर स्कॅन आणि रक्ततपासणी. साडेचार तासांतील निम्मे तास रस्त्यातच जातात. उरलेले निम्मे तास 'जरा पडू द्या, बरे वाटेल', 'आधी भगताला दाखवू', 'मुलगा शेतातून येऊ द्या' यांत गेले तर काय उरते? म्हणून लक्षणे लहान मुलालाही पाठ असावीत. हसायला सांगावे: तोंड एका बाजूला ओघळते काय? दोन्ही हात वर करायला सांगावे: एक हात खाली पडतो काय? एक वाक्य म्हणायला सांगावे: बोबडे किंवा असंबद्ध येते काय? यांतील एकही गोष्ट एकाएकी दिसली तर घड्याळात वेळ पाहून ठेवावी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, हे डॉक्टर प्रथम विचारतील.

या वेळी दोन गोष्टी करू नयेत. रुग्णाच्या तोंडात पाणी, चहा किंवा औषध घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासनलिकेत उतरते. आणि रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये. वाहिनी फुटलेली असेल तर ती घात करील. तसेच हात काही मिनिटे लुळा पडून आपोआप पूर्ववत झाला, तरी 'गेले वारे' म्हणून स्वस्थ बसू नये. तो पुढे येणाऱ्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे.

छप्पर उकलणारे चौघे

मार्कच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आपणांस परिचित आहे. कफर्णहूम येथे चौघांनी पक्षाघाती माणसाला खाटेवर उचलून आणले आणि गर्दीमुळे वाट मिळेना म्हणून छप्पर उकलून त्याला खाली सोडले. येशूने त्या *चौघांचा* विश्वास पाहिला, असे तेथे सूचित होते. खाटेवरचा माणूस तर एक शब्दही बोललेला नाही. बोलू न शकणाऱ्यासाठी इतरांचा विश्वास पुरेसा ठरला. आपल्या वस्तीतील प्रत्येक पक्षाघाती रुग्णाला असे चौघे आहेत काय, हा प्रश्न आहे.

ख्रिस्तसभेने या बाबतीत मार्ग आखून दिलेले आहेत. पूर्वी ज्या साक्रामेंताला अंत्याभ्यंग म्हणत आणि जो प्राण जाण्याच्या वेळीच दिला जाई, त्याची विधी पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली नव्याने घालून दिली. तो आता रुग्णाभ्यंग आहे, मरणाऱ्यांपुरता नाही. म्हणून 'फादरना बोलावले तर आजारी माणूस घाबरेल' हा संकोच सोडावा. वाचा गेलेला माणूस खुणेने पापनिवेदन करू शकतो. ज्याला घास गिळता येत नाही त्याला, १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९२५ व्या कलमानुसार, गरज असल्यास केवळ द्राक्षरसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो. किती द्यावे आणि द्यावे की नाही, हे घरच्यांनी डॉक्टरांना विचारून आपल्या धर्मगुरूंना सांगावे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिन स्थापन केला आणि ११ फेब्रुवारी १९९३ रोजी, लुर्दमातेच्या सणादिवशी, तो प्रथम पाळण्यात आला. जागतिक पक्षाघात दिन २९ ऑक्टोबरला असतो. वैद्य असलेल्या संत लूकचा सण १८ ऑक्टोबरला आणि संत अँड्र्यू अव्हेलिनो यांचा स्मृतिदिन १० नोव्हेंबरला येतो. आपल्या वार्षिक कार्यक्रमाला याहून चांगली तिथीमाला कोणती हवी?

शुश्रूषेचे शास्त्रही आता पुष्कळ पुढे गेले आहे. मुंबईत हाजीअलीजवळ पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून काम करीत आहे. व्यायामोपचाराने हातापायांत आणि बोलण्यात सुधारणा होते. ती पहिल्या काही महिन्यांत अधिक वेगाने होते आणि पुढेही सावकाश चालू राहते. परंतु महिन्यातून एकदा नाशिकला जाऊन हे साधत नाही. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने शिकविलेला व्यायाम घरी दररोज करून घ्यावा लागतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. उतरलेला खांदा ओढून उठवायचे नसते. आणि झटक्यानंतर पुष्कळ रुग्णांना खोल निराशा येते. तीही दुखण्याचाच भाग आहे, हट्ट किंवा आळस नव्हे.

या सर्वांचा भार बहुधा एकाच स्त्रीवर पडतो. पहिल्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरते, तिसऱ्या महिन्यात ओटा रिकामा असतो. सून मजुरीला जाऊ शकत नाही, मुलीची शाळा सुटते, कांद्याच्या हंगामात शेत तसेच पडते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण मित्रांनी जो मंडळ स्थापन केला, ज्याला आपण संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था म्हणून ओळखतो, त्याचा मूळ नियम गरिबाच्या घरी स्वतः जाणे हा होता. पैसे पाठविणे त्यानंतरचे. प्रत्येक वस्तीतील चार कुटुंबांनी आठवड्यातील एकेक दिवस वाटून घेतला आणि त्या दिवशी दोन तास रुग्णाजवळ बसून घरच्या बाईला मोकळे केले, तर कफर्णहूमचे चौघे कळवणमध्येही दिसतील.

आम्ही येथे तीन गोष्टी सुचवितो. पहिली, महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर, आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा आशाताई यांच्या मदतीने, तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा आणि तो एका वहीत लिहावा. वाढलेला आढळल्यास त्या व्यक्तीला रुग्णालयात पाठवावे आणि पुढील महिन्यात गोळी चालू आहे की नाही हे विचारावे. बरे वाटते म्हणून गोळी सोडणे ही पक्षाघाताला दिलेली हाक होय. दुसरी, ज्यांच्याजवळ गाडी आहे अशा कुटुंबांची नावे प्रत्येक वस्तीत ठाऊक असावीत आणि रात्री-अपरात्री त्यांनी दार उघडावे. तिसरी, धर्मग्रामातील प्रत्येक पक्षाघाती रुग्णाचे नाव, तो कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याच्या घरचा असो, भेटीच्या यादीत असावे.

जुन्या लितानीतील ती विनवणी आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके केली. तिच्यात अचानक मरण आणि तयारीविना मरण हे दोन्ही शब्द आहेत. अचानकपणा सर्वस्वी आपल्या हाती नाही. तयारी मात्र पुष्कळशी आहे, आणि ती दंडाला बांधलेल्या पट्ट्यापासून सुरू होते.